मिथेनपासून हायड्रोजन: निकेलचे आणि कार्बनचे उत्प्रेरक प्रयोगशाळेत कसे बनवावेत

मिथेनच्या विघटनासाठी उत्प्रेरक बनवायचा असेल तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून गृहीत धरावी लागते. या अभिक्रियेतला हायड्रोजन वायुरूपाने निघून जातो, पण कार्बन जागेवरच राहतो आणि साचतो तो उत्प्रेरकाच्याच अंगावर. त्यामुळे उत्प्रेरक सुरुवातीला किती जोरात काम करतो, यापेक्षा साचलेला कार्बन अंगावर वागवत तो किती वेळ टिकतो, याला जास्त महत्त्व आहे. पुढे दिलेली प्रमाणे आणि तापमाने याच विचाराने निवडली आहेत. पुण्याच्या पाषाण-गणेशखिंड परिसरातल्या संशोधन संस्थांत किंवा शहरातल्या महाविद्यालयांत प्रकल्प करणारे, आणि नळीची भट्टी, धूरकपाट, वायूंचे सिलिंडर व गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारे यंत्र) हाताशी असलेले विद्यार्थी नजरेसमोर ठेवून हे लिहिले आहे. घरी करून पाहण्याचा हा प्रयोग नाही.

अभिक्रियेचा हिशेब सोपा आहे. मिथेनच्या एका रेणूपासून कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन रेणू मिळतात आणि त्यासाठी प्रति मोल सुमारे ७५ किलोज्यूल ऊर्जा लागते. वाफेच्या साहाय्याने मिथेनपासून हायड्रोजन काढण्याच्या प्रचलित पद्धतीत पहिल्याच टप्प्याला २०६ किलोज्यूल लागतात आणि शिवाय कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विघटनात तो पडत नाही. त्याऐवजी १ किलो हायड्रोजनमागे ३ किलो घन कार्बन हाती येतो. मात्र मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४४० किलोज्यूल प्रति मोल लागतात, म्हणून उत्प्रेरकाशिवाय तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर न्यावे लागते. निकेल हेच काम ५०० ते ७०० अंशांत, लोह ७०० ते ९०० अंशांत आणि कार्बन ८०० अंशांच्या वर करतो. एका वातावरणाच्या दाबाला समतोलाची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती मिथेनचे रूपांतर होऊ शकते तो आकडा, ५५० अंशांवर सुमारे ४५ टक्के, ६५० अंशांवर सुमारे ७० टक्के आणि ८०० अंशांवर ९० टक्क्यांच्या थोडी वर येते. ५५० अंशांवर कोणी ८० टक्के रूपांतर दाखवले, तर उत्प्रेरकाचे कौतुक करण्याआधी मोजमाप तपासावे.

तयारी: वायू, नळी आणि हवामान

मिथेन ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध घ्यावा. पुण्यात आता घरोघरी पाइपने गॅस येतो आणि तो वापरण्याचा मोह होतो, पण गळती ओळखू यावी म्हणून त्यात मिसळलेल्या वासाच्या द्रव्यात सल्फर असतो. हा सल्फर निकेलला घट्ट चिकटतो आणि मग उत्प्रेरक कार्बनमुळे थकला की सल्फरमुळे, हे कधीच कळत नाही. सिलिंडरच्या वायूवरही ओलावा आणि ऑक्सिजन शोषून घेणारे फिल्टर बसवावेत, कारण त्यांचा अंशही राहिला तर हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड येतो.

नळी क्वार्ट्झचीच हवी. स्टेनलेस स्टीलमध्ये लोह आणि निकेल दोन्ही असतात, त्यामुळे त्या नळीची भिंतच उत्प्रेरकाचे काम करू लागते आणि आपण मोजतो ते भिंतीचे काम. थर्मोकपलही क्वार्ट्झच्या आवरणात ठेवावा.

आता पुण्यापुरत्या दोन सूचना. निकेल नायट्रेट हवेतला ओलावा ओढून घेते आणि आषाढ-श्रावणात एकदा उघडलेल्या बाटलीतले स्फटिक तळाशी चिकट होऊन बसतात. असे स्फटिक तोलले तर वजनात पाणी जास्त आणि निकेल कमी येते. शंका आली की द्रावणाचा मोजून घेतलेला थोडा भाग अमोनियाने किंचित अल्कधर्मी करून त्यात डायमिथिलग्लायऑक्झाइम घालावे. गुलाबी-लाल साका तळाशी बसतो. तो गाळून, वाळवून तोलला आणि वजनाला ०.२०३२ ने गुणले की निकेलचे खरे वजन मिळते. तासाभराचे हे काम पुढचे महिने वाचवते. दुसरी सूचना साधी आहे: पाणी आणि वीज यांच्या देखभालीची कामे इथे बहुधा गुरुवारी निघतात, म्हणून वीस तासांचा प्रयोग बुधवारी संध्याकाळी सुरू करू नये.

निकेल-तांबे-ॲल्युमिना: सहअवक्षेपणाची कृती

सहअवक्षेपण म्हणजे सगळे धातू एकाच द्रावणातून एकत्र साक्याच्या रूपात तळाशी बसवणे. माझ्या मते शिकण्यासाठी हाच उत्प्रेरक सर्वांत चांगला. निकेलवर मिथेन फुटतो, सुटलेला कार्बन निकेलच्या कणात विरघळतो, कणातून पलीकडे सरकतो आणि मागच्या बाजूने तंतूच्या रूपात बाहेर पडतो. कण तंतूच्या टोकावर बसून पुढे पुढे जातो आणि त्याचा समोरचा पृष्ठभाग मोकळा राहतो. कार्बन सुटण्याचा वेग सरकण्याच्या वेगापेक्षा वाढला, म्हणजे तापमान जास्त झाले, की समोरच्या बाजूवरच कवच चढते आणि काम थांबते. तांबे मिसळल्याने हे कवच चढणे लांबते, म्हणून निकेल-तांब्याचा उत्प्रेरक ६५० ते ७०० अंशांवरही टिकतो. नुसत्या निकेलला ५५० ते ६०० अंशच मानवतात. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) कणांना एकमेकांत मिसळून मोठे होऊ देत नाही.

क्षपणानंतर, म्हणजे हायड्रोजनने ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू मोकळा केल्यावर, ६० टक्के निकेल, १५ टक्के तांबे आणि २५ टक्के ॲल्युमिना असलेला १० ग्रॅम उत्प्रेरक हवा, असे धरू. त्यासाठी निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेट २९.७ ग्रॅम, कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट ५.७ ग्रॅम आणि ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट १८.४ ग्रॅम लागते. यात द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी धातूंचे मोल-गुणोत्तर सुमारे २.६ येते. हे प्रमाण मुद्दाम साधले आहे, कारण २ ते ४ या मर्यादेत हायड्रोटाल्साइट या खनिजासारखी थरांची रचना तयार होते आणि तीत तिन्ही धातू अणूंच्या पातळीवर मिसळलेले राहतात.

तिन्ही क्षार ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण १७५ मिलिलिटर करावे. दुसऱ्या पात्रात २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.२५ मोलर सोडियम कार्बोनेट एकत्र असलेले सुमारे २०० मिलिलिटर द्रावण तयार ठेवावे. मोठ्या बीकरमध्ये १०० मिलिलिटर पाणी ६० अंशांवर ढवळत ठेवून त्यात धातूंचे द्रावण मिनिटाला २ मिलिलिटर या गतीने सोडावे आणि अल्कधर्मी द्रावण असे सोडावे की पीएच ९ च्या आसपास स्थिर राहील. हे काम दीड तास चालते आणि त्या दीड तासात बीकरपासून हलता येत नाही. पीएच ८ च्या खाली घसरला तर सगळे निकेल अवक्षेपित होत नाही आणि ते गाळणात निघून जाते. गाळण हिरवट दिसले की समजावे, निकेल वाया गेले. पीएच मीटर त्याच दिवशी ७ आणि १० च्या बफरवर जुळवून घ्यावा आणि त्यातली तापमानाची दुरुस्ती चालू आहे, हे पाहावे.

साका हिरवट-निळा, दाट पेजेसारखा असतो. तो ६५ अंशांवर मंद ढवळत १२ ते १८ तास मुरू द्यावा. या मुरण्याने थर सुबक होतात आणि गाळणेही सोपे जाते. त्यानंतर धुण्याचे काम येते आणि बहुतेक उत्प्रेरक इथेच बिघडतात. गाळणीवरचा लगदा वरवर धुऊन सोडियम जात नाही. तो खरवडून काढावा, ताज्या गरम पाण्यात पुन्हा कालवावा आणि पुन्हा गाळावा. असे चार-पाच वेळा करावे आणि गाळणाची विद्युतवाहकता वापरलेल्या पाण्याच्या जवळ आली की थांबावे. मागे राहिलेल्या सोडियममुळे पुढे तापवताना कण मोठे होतात आणि उत्प्रेरकाची क्रियाशीलता घटते.

लगदा ११० अंशांवर रात्रभर वाळवावा, खलात बारीक करावा आणि उथळ मुशीत, वाहत्या हवेत, मिनिटाला २ अंश या गतीने ४५० अंशांपर्यंत नेऊन चार तास भाजावा. भट्टीचा धूर धूरकपाटातच सोडावा, कारण राहिलेल्या नायट्रेटमधून तपकिरी वायू निघतात. तापमान ६०० अंशांच्या वर नेऊ नये. तसे केले तर निकेल ॲल्युमिनात शिरून निळसर स्पिनेल (निकेल आणि ॲल्युमिनियमचे मिश्र ऑक्साइड) बनते आणि त्याचे क्षपण करायला ७०० अंशांहून अधिक तापमान लागते. भाजलेली काळी भुकटी तोलावी. वरच्या प्रमाणांनुसार ती सुमारे १२ ग्रॅम भरायला हवी. बरीच जास्त भरली तर कार्बोनेट किंवा सोडियम राहिले आहे. बरीच कमी भरली तर धातू गाळणात गेला आहे. एवढी साधी तपासणी बहुतेकजण करत नाहीत आणि थेट क्ष-किरण विवर्तनाच्या रांगेत उभे राहतात.

भुकटी दाबून टिकली करावी, ती फोडून चाळावी आणि १५० ते २५० मायक्रॉनचे दाणे वापरावेत. पिठासारखी भुकटी नळीत बसते आणि वायूची वाट अडवते.

भिजवून बनवलेला निकेल-ॲल्युमिना

तुलनेसाठी १५ टक्के निकेलचा साधा उत्प्रेरकही करून ठेवावा. ८.५ ग्रॅम गॅमा-ॲल्युमिना घ्यावे आणि त्यावर थेंब थेंब पाणी टाकत ते किती पाणी पिते हे आधी मोजावे. साधारण प्रतिग्रॅम ०.६ मिलिलिटर, म्हणजे एकूण ५ मिलिलिटर. लागणारे ७.४३ ग्रॅम निकेल नायट्रेट सामान्य तापमानाला एवढ्या आकारमानात मावत नाही. द्रावण गरम करून ते जबरदस्तीने बसवण्यापेक्षा दोन निम्मे हप्ते करावेत आणि मध्ये ११० अंशांवर वाळवावे. थेंब टाकताना काचेच्या दांडीने सतत कालवत राहावे. ॲल्युमिना शेवटपर्यंत ओल्या वाळूसारखे दिसले पाहिजे. वर पाणी चमकू लागले तर निकेल दाण्यांच्या बाहेरच्या बाजूवर साचेल. भाजणे वरीलप्रमाणेच.

लोहाचा उत्प्रेरक याच दोन मार्गांनी बनतो. लोह स्वस्त आहे आणि निकेलइतके घातक नाही, पण त्याला ७०० अंशांच्या वरच नेऊन वापरावे लागते.

करवंटीचा कार्बन

कार्बन हा स्वतःच उत्प्रेरक असतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. त्याच्या थरांच्या कडा आणि रचनेतले दोष मिथेनचा बंध तोडतात. गंमत अशी की इथे उत्पादन आणि उत्प्रेरक एकाच पदार्थाचे असतात, त्यामुळे शेवटी धातू वेगळा काढण्याचा प्रश्न उरत नाही.

कच्चा माल म्हणून मी नारळाची करवंटी सुचवतो. गणेशोत्सवात तिला पुण्यात तोटा नाही. रसवंतिगृहातले चिपाडही चालते, पण ते हलके असते आणि त्यात राख जास्त निघते. करवंटीवरचे सगळे धागे खरवडून ती धुवावी, ११० अंशांवर वाळवावी आणि १ ते २ मिलिमीटरचे तुकडे करावेत. नायट्रोजनमध्ये मिनिटाला ५ अंशांनी ५०० अंशांपर्यंत नेऊन एक तास ठेवले की मूळ वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका कोळसा उरतो.

एक भाग कोळशाला तीन भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात कोळसा भिजवावा आणि ११० अंशांवर कोरडा करावा. नंतर नायट्रोजनमध्ये ७५० ते ८०० अंशांवर एक तास तापवावे. मूस निकेलची हवी, कारण वितळलेले अल्क क्वार्ट्झ आणि चिनी माती दोन्ही खाते. या तापमानाला कार्बन आणि अल्क यांच्यातून पोटॅशियम धातू तयार होतो. म्हणून भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नये आणि थंड झालेल्या मुशीत एकदम पाणी ओतू नये. धूरकपाटाची काच खाली ओढून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकावेत, बुडबुडे थांबल्यावर पाणी. त्यानंतर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग गरम पाण्याने धुणे उदासीन होईपर्यंत धुवावे.

अशा कार्बनचे पृष्ठफळ प्रतिग्रॅम १५०० चौरस मीटरच्या वर जाऊ शकते, पण त्या आकड्याला भुलू नये. मिथेनचा कार्बन आधी सूक्ष्म छिद्रांच्या तोंडाशी बसतो आणि आतले सगळे क्षेत्र निरुपयोगी होते. ८५० ते ९५० अंशांवर असा कार्बन जोरात सुरू होतो आणि लवकरच मंदावतो. बाजारात मिळणारा कार्बन ब्लॅक पृष्ठफळाने बराच कमी असूनही जास्त वेळ एकसारखा चालतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच वजनाने तपासून पाहावेत. या तापमानाला रिकाम्या नळीतही थोडे विघटन होते, म्हणून रिकाम्या नळीचा आकडा आधी घेऊन तो वजा करावा.

करवंटीच्या कार्बनवर निकेल चढवायचे असेल तर भिजवण्याची रीत तीच, पण हवेत भाजायचे नाही. नायट्रेट आणि बारीक कार्बन हवेत तापवले तर मुशीत ठिणग्या उडतात. नायट्रोजनमध्ये मिनिटाला १ अंशाने ५०० अंशांपर्यंत न्यावे. निकेल ऑक्साइडचे क्षपण तिथे कार्बनच करतो. इथे जास्त तापमानाला हायड्रोजन सोडला तर निकेल उलटी अभिक्रिया करून खालचा आधाराचा कार्बनच मिथेनच्या रूपाने उडवून लावतो.

क्षपण आणि चाचणी

सहअवक्षेपित उत्प्रेरक फक्त ०.१ ग्रॅम घ्यावा. एवढा थोडा का, ते मी किंमत मोजून शिकलो. सुरुवातीच्या काळात एकदा ९ मिलिमीटरच्या नळीत अर्धा ग्रॅम भरून मी प्रयोग रात्रभर चालू ठेवला. सकाळी दाबमापकाचा काटा टोकाला होता, सुरक्षा-झडप फुसफुसत होती आणि भट्टी उघडली तेव्हा क्वार्ट्झची नळी उभी चिरलेली होती. चिरेतून काळा, दाबून भरलेल्या कापसासारखा कार्बन बाहेर आला होता. हिशेब आधी केला असता तर हे टळले असते. मिनिटाला ६० मिलिलिटर मिथेन आणि ३० टक्के रूपांतर धरले तर दर तासाला सुमारे ०.५८ ग्रॅम कार्बन साचतो, म्हणजे ०.१ ग्रॅम उत्प्रेरकाच्या जवळपास सहापट. म्हणून नळी उभी ठेवावी, वायू खालून वर सोडावा, उत्प्रेरकाच्या वर भरपूर मोकळी जागा ठेवावी आणि दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मिथेन आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी.

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के आणि हायड्रोजन ४ ते ७५ टक्के असताना पेट घेऊ शकतो. भट्टी तापवण्याआधी सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासून नळीतली हवा नायट्रोजनने पूर्ण काढावी आणि बाहेरची वाट धूरकपाटात न्यावी. नंतर १० टक्के हायड्रोजन मिनिटाला ५० मिलिलिटर सोडून ६०० अंशांवर दोन तास क्षपण करावे. तांबे आधी क्षपित होते आणि निकेलला हातभार लावते. दहा-पंधरा मिनिटे नायट्रोजन सोडून, तापमान ६५० अंशांवर स्थिर करून मग मिथेन सुरू करावा.

गॅस क्रोमॅटोग्राफला आर्गॉन वाहक वायू हवा. हेलियमची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या इतकी जवळ आहे की हायड्रोजनचे शिखर नीट दिसत नाही. शुद्ध मिथेन वापरला असेल तर निघालेल्या वायूतला हायड्रोजनचा अपूर्णांक घ्यावा आणि त्याला २ वजा तोच अपूर्णांक याने भागावे. येणारा आकडा म्हणजे रूपांतर. ४६ टक्के हायड्रोजन दिसला तर ०.४६ भागिले १.५४, म्हणजे ३० टक्के. अनेक वह्यांमध्ये ४६ हाच आकडा रूपांतर म्हणून लिहिलेला मी पाहिला आहे.

वायूचा वेग साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरने मोजत असाल तर आणखी एक दुरुस्ती लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. २७ अंशांना, बुडबुड्यातल्या पाण्याच्या वाफेचा दाब वजा करून हिशेब केला, तर इथे मोजलेले १०० मिलिलिटर प्रमाण स्थितीत (० अंश, एक वातावरण दाब) सुमारे ८२ च भरतात. मुंबईच्या एखाद्या प्रयोगशाळेशी आकडे जुळत नाहीत असे वाटले की आधी हे पाहावे.

प्रयोग संपल्यावर नळी तोलून साचलेला कार्बन मोजावा आणि क्रोमॅटोग्राफच्या आकड्यांवरून काढलेल्या कार्बनशी तो ताडून पाहावा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर गळती किंवा वेगाची चूक शोधावी.

बंद करताना

मिथेन बंद करून आधी नायट्रोजन सोडावा आणि नंतरच भट्टी बंद करावी. याला दोन कारणे आहेत. निकेल थंड होत असताना, साधारण २०० अंशांच्या खाली, नळीत कार्बन मोनॉक्साइड राहिला असेल तर निकेल कार्बोनिल बनू शकते. हा द्रव ४३ अंशांनाच उकळतो आणि अत्यंत विषारी आहे. दुसरे कारण असे की क्षपण झालेले बारीक निकेल हवेत उघडले तर आपोआप पेटते. म्हणून सामान्य तापमानाला आल्यावर १ टक्का ऑक्सिजन असलेला नायट्रोजन तासभर सोडून त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढू द्यावा आणि मगच नळी उघडावी.

निकेलची संयुगे कर्करोगकारक आहेत आणि कार्बनच्या तंतूंची धूळ हलकी असून सहज उडते. हातमोजे आणि धूळरोधक मास्क घालून वापरलेला उत्प्रेरक ओलसर करून बाटलीत भरावा. बाटलीवर धातू, वजन आणि तारीख लिहावी आणि ती साध्या कचऱ्यात न टाकता संस्थेच्या घातक कचऱ्यात द्यावी. त्यातला चिमूटभर भाग मात्र बाजूला ठेवून बाहेरून चुंबक लावून पाहावा: सहअवक्षेपित उत्प्रेरकावर वाढलेला काळा कापूस चुंबकाकडे सरकतो, कारण तंतूंच्या टोकांवर निकेल अजून बसलेले असते.